आबांची पाठ आणि हिरोचा गुडघा

मायचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. लातूरला माझी मेस आहे, डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलींची. सकाळच्या वेळी फोन वाजला की मला तो उचलावासाच वाटत नाही, कारण त्या वेळी फोन करणारं माणूस एक तर कामाला येणार नसतं, नाही तर जेवायला जास्तीचं माणूस आणणार असतं. मायचं यातलं काहीच नव्हतं.

"तुझ्या बापाला सिनेमात घ्यायलेत," ती म्हणाली. "ये अन् बघ."

"कुणी घेतलं?"

"मला काय माहीत? मारामारीचा हाय म्हणं. सत्तरीच्या माणसाला कोण मारायलंय, ते तूच येऊन इचार."

मी कणीक तशीच ताटाखाली झाकली, शेजारच्या वहिनींच्या हाती किल्ली दिली आणि नांदेडची गाडी धरली. माझा स्वभावच असा. एखादी गोष्ट दुसऱ्या दिवसावर ढकलली तर ती माझ्याशिवाय बिघडेल असं मला वाटत राहतं. गाडीत खिडकीशी बसले तरी जिवाला चैन नव्हती. लोह्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा वहिनींचा फोन आला, वरणाला हिंग कुठंय. नांदेडला उतरून उमरीची गाडी धरेपर्यंत आणखी दोनदा आला.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, उमरी-भोकरकडची जुनी माणसं अजून एकाच गोष्टीनं ओळखतात. या पैलवानाची पाठ कधी लागली नाही. कुस्तीत दोन्ही खांदे मातीला टेकले की माणूस हरला. पोटावर कितीही वेळ पडून राहा, गुडघ्यावर या, नाकातोंडात माती जाऊ द्या, तुम्ही हरलात असं कुणी म्हणत नाही. आबांनी देगलूरपासून भोकरपर्यंतच्या जत्रा केल्या. बरोबरीत सुटले, एकदा कान फाडून घेऊन घरी आले, पण पाठ लागू दिली नाही. आमच्याकडे जत्रेतल्या शेवटच्या कुस्तीला चांदीचं कडं असतं. तसलं एक त्यांच्या उजव्या मनगटात मी जन्मल्यापासून पाहते आहे. आता हात वाळलाय, त्यामुळे ते कोपराकडे सरकतं आणि आबा ते सारखं खाली ओढत बसतात.

माय मात्र कधी जत्रेला गेली नाही. आबा परत आले की सदरा काढून अंगणातल्या दगडावर हातपाय धुवायला वाकायचे, आणि माय दारातून त्यांची पाठ बघायची. अंगभर लाल माती असायची. छातीवर, दंडावर, मानेवर, केसांत. फक्त दोन खांद्यांच्या मधे, जिथं आपला स्वतःचा हात पोचत नाही, तेवढी जागा कोरडी असायची. ती दिसली की माय काही न विचारता चहा टाकायला आत जायची. मी लहान होते, मला वाटायचं सगळ्यांच्या घरी असंच कळतं.

ही पाठ आबांच्या इतकी अंगात मुरली होती की ते झोपतसुद्धा कुशीवर. एकदा नांदेडच्या दवाखान्यात छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायला डॉक्टरांनी उताणं झोपायला सांगितलं, तर हा माणूस टेबलावर बसून राहिला. "बसून काढा की," म्हणे. शेवटी मी दटावलं तेव्हा आडवे झाले, आणि पट्टी निघेपर्यंत छताकडे असे बघत होते, जसं छतानंच त्यांना पाडलं होतं.

तर असा माणूस सिनेमात का गेला? मी घरी पोचले तेव्हा ते आरशासमोर मिशीला तेल लावत होते.

"आबा, हे काय नवीन?"

"हिरो कोण हाय माहीत हाय का तुला?" ते म्हणाले, आणि त्यांनी नाव सांगितलं.

माझा राग निम्मा तिथंच गेला, हे कबूल करायला हवं. माझ्या लहानपणी बाजाराच्या दिवशी तंबूत सिनेमे लागायचे, आणि त्यातला प्रत्येक दुसरा सिनेमा या हिरोचा असायचा. आबा मला खांद्यावर बसवून न्यायचे. सिनेमात त्याला साखळीनं बांधत, गाडीमागून फरफटत नेत, विहिरीत टाकत. तो उठायचा. एकही गुंड त्याला उताणा पाडू शकला नव्हता. आबांना त्याचं गाणं-नाचणं अजिबात सोसायचं नाही, ते तेवढ्या वेळात बिडी ओढून यायचे. पण मारामारी सुरू झाली की माझा पाय घट्ट धरायचे. "याची बी पाठ लागत न्हाई," असं घरी येऊन मायला सांगायचे. माय म्हणायची, "तुमच्याच आईचं दुसरं लेकरू दिसतंय."

हा हिरो आमच्या गावात आला होता, गावाबाहेरच्या बंद पडलेल्या जिनिंगमध्ये, कापसाची सरकी काढायच्या गिरणीत. आबांना त्याच्यासमोर उभं राहायचं होतं. बास. नांदेडहून माणसं पुरवणाऱ्या ठेकेदारानं त्यांना तेवढंच सांगितलं होतं, की पैलवान, तुम्ही नुसतं हिरोपुढं उभं राहायचं. पुढं काय, ते यांनी विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं.

माय म्हणाली, "मी येत न्हाई. तू जा. काय असंल ते मला घरी कळतंच."

जिनिंगच्या भिंतीवर अख्खं गाव चढलं होतं. कापूस वेचणीचे दिवस, बायका रानात, पण गडीमाणसांना काही काम उरलं नसावं असं वाटत होतं. ज्याच्या-त्याच्या हातात मोबाइल. आत सिनेमावाल्यांचं सगळं काटकसरीचं होतं. एक कॅमेरा, एक छत्री, एक जनरेटर. धूर पाहिजे म्हणून कडुलिंबाचा पाला जाळला होता, त्यानं हिरोसकट सगळे खोकत होते. एक गाडी फोडायची होती, पण ती भाड्याची निघाली, म्हणून नुसतं दार आपटायचं ठरलं. आमच्याच गल्लीतली चार टवाळ पोरं काळे चष्मे लावून गुंड झाली होती आणि खिचडीच्या पातेल्याभोवती फिरत होती. पत्र्याखाली जुन्या कापसाची पिसं अजून उडत होती, ती माझ्या साडीला चिकटायची आणि मी एकेक वेचत बसायची. हात रिकामे राहिले की मला काहीतरी होतं.

हिरो सावलीत खुर्चीवर बसला होता. केस काळेभोर रंगवलेले, अंगात कातडी जाकीट, उन्हानं मान भिजलेली. पँटच्या आतून उजव्या गुडघ्याचा पट्टा फुगलेला दिसत होता. मला एकदम वाईट वाटलं. वाटलं, बघायलाच नको होता. खांद्यावरून पाहिलेला माणूस होता, तो तसाच ठेवायला हवा होता.

डायरेक्टर पंचविशीतला, टोपी उलटी घातलेला. आबांची मिशी, कडं आणि फाटका कान बघून तो इतका खूश झाला की त्यानं तिथल्या तिथं प्रसंग बदलला. आता खलनायकाच्या अंगणात आखाडा असणार, आणि त्याचा जुना पैलवान हिरोला अडवणार. ट्रॉलीभर लाल माती मागवली आणि कापूस उतरवायच्या दगडी ओट्यासमोर पसरली. आबांनी सदरा आणि चप्पल काढली, चिमूटभर माती कपाळाला लावली. हिरोनं ते पाहिलं, आणि त्यानंही वाकून लावली. वाकताना त्यानं डाव्या हातानं खुर्ची धरली होती, हे मला दिसलं.

मग फायट मास्टरनं, तो हैदराबादचा, आबांना समजावलं. "पैलवान, साब लात मारेंगे, सीने पे. तुम पाँव पकडोगे. फिर सीधा पीछे गिरना. पीठ पे. चित."

आबा म्हणाले, "पडतो की. पाठीवर न्हाई."

"क्या?"

"पोटावर पडतो. कुशीवर पडतो. तोंडावर म्हणाल तर तोंडावर पडतो."

मास्टर हसला. त्याला ती गंमत वाटली. भिंतीवरची माणसं मात्र हसली नाहीत. भिंतीला लागून एका खुर्चीत देगलूरकडचा एक म्हातारा पैलवान बसला होता, मुद्दाम गाडी करून आलेला. ऐन जवानीत आबांनी त्याला तीन जत्रांत पाडलं होतं. काठीवर हनुवटी टेकून तो आबांकडे बघत होता, डोळ्यांची पापणी न हलवता.

मी पुढं झाले. "आबा, घरी चला. यांना दुसरा कुणी मिळंल."

"उभं राहतो म्हणून शब्द दिलाय बाई."

"उभं राहायचा दिलाय ना? पडायचा कुठं दिलाय?"

डायरेक्टर घड्याळ बघायला लागला, ठेकेदार माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागला, आणि माझा फोन वाजला. वहिनी. पीठ संपलंय. मी फोन कापला. मला सगळ्यांचा राग येत होता, त्या टोपीवाल्याचा, ठेकेदाराचा, भिंतीवरच्या मोबाइलांचा, आणि सगळ्यात जास्त आबांचा, की हा माणूस तोंड उघडून नाही का म्हणत नाही.

तेवढ्यात हिरो उठून आला. मुंबईत जन्म गेल्यानं मराठी बरी बोलायचा. आबांच्या शेजारी ओट्यावर बसला, पाय लांब करून.

"पैलवान, माझा राग आला का?"

"राग कशाचा? तुमचे सिनेमे मी तंबूत बघितलेत, ह्या पोरीला खांद्यावर घेऊन. तुमची पाठ कधी लागली न्हाई."

हिरो हसला. "अहो, माझी कशी लागेल? तसं लिहिलेलंच असायचं. तुमची?"

"आमचं कोण लिहिणार?"

हिरोनं पँटवरूनच गुडघ्याचा पट्टा चाचपला. मग हळू आवाजात म्हणाला, "पैलवान, मी डायरेक्टरला सांगून बघतो, दुसरं काही करू. पण तो ऐकेल असं नाही. आणि खरं सांगू का, हा पाय मला अजून एकदा, फार तर दोनदा उचलता येईल. त्याला हे माहीत नाही. कळलं तर पुढचा सिनेमा मला कुणी देणार नाही."

त्यानं खरंच जाऊन सांगितलं. डायरेक्टरनं हात जोडले, मान हलवली, उन्हाकडे बोट दाखवलं. हिरो परत आला तेव्हा त्याचं पाऊल सरळ पडत नव्हतं. आबांनी ते पाऊल बघितलं, कडं खाली ओढलं आणि उठले.

"पडतो," ते म्हणाले. "एका झटक्यात होऊ द्या. तुमचा पाय वाचला पायजे."

मी पदरावरचा कापूस वेचत राहिले, एकाच जागी, तिथं काही नव्हतं तरी.

पण झालं भलतंच. हिरोनं पाय उचलून आबांच्या छातीला लावला, आबा मागं गेले, आणि हवेतल्या हवेत त्यांचं अंग वळलं. धप्पकन पोटावर. त्यांना स्वतःलाही कळलं नाही. मास्टर ओरडला. आबा तोंडातली माती थुंकत म्हणाले, "पुन्हा करा, आता पडतो." मास्टरला वाटलं म्हातारा मुद्दाम करतोय. मला माहीत होतं, मुद्दाम नव्हतं. त्या शरीराला पन्नास वर्षं एकच गोष्ट शिकवली होती, आणि ते आता धन्याचं ऐकायला तयार नव्हतं. दुसऱ्यांदाही तसंच झालं. आबा उठून बसले ते अक्षरशः लाजलेले. मी त्यांना कधी लाजलेलं पाहिलं नव्हतं. भिंतीवर कुणीतरी शिट्टी मारली.

डायरेक्टर म्हणाला, लगेच अजून एक घेऊ.

मी हिरोकडे बघत होते. त्याच्या ओठाभोवतीचा रंग गेला होता. तरी तो जागेवर जाऊन उभा राहिला, जाकीट खाली ओढलं, आणि तंबूत दिसायचा तस्सा चेहरा केला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, थांबा म्हणून. पण ते त्यानं विश्वासानं आबांना सांगितलेलं होतं, मी ऐकलं एवढंच. मी उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले.

त्यानं डावा पाय उचलून आबांच्या छातीला लावला. मागच्या दोन्ही वेळी उजवा उचलला होता. या वेळी उजव्यावर उभा राहिला. आबांनी पाऊल धरलं. आणि तो उजवा गुडघा दुमडला. हिरो मागं कलला, थेट दगडी ओट्याच्या कडेवर. आवाज करायलाही कुणाला वेळ मिळाला नाही.

आबांनी पाय सोडला असता तर काही बिघडलं नसतं, म्हणजे आबांचं. त्यांनी तो ओढला. दुसरा हात त्याच्या कमरेत घातला, त्या जड देहाला स्वतःकडे वळवून घेतलं, आणि त्याच्याखाली गेले. हिरो त्यांच्या छातीवर पडला. आबा मातीत, उताणे, दोन्ही खांदे टेकलेले, हात पसरलेले. कडं सरकून कोपराशी गेलं होतं.

"ओके! ओके!" डायरेक्टर टाळ्या पिटत नाचायला लागला. कॅमेरा चालूच होता.

भिंतीवर कुणी टाळी वाजवली नाही. इतकी माणसं आणि नुसता जनरेटरचा आवाज. मी धावत गेले. हिरोला दोघांनी उचललं, तो गुडघा धरून, डोळे मिटून बसला, आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, "पैलवान, डोकं फुटलं असतं माझं. डोकं फुटलं असतं." आबा अजून पडूनच होते. वर बघत होते, पत्र्याच्या कडेनं दिसणाऱ्या आभाळाकडे.

मग देगलूरचा तो म्हातारा काठीवर रेलून उठला, आणि पंचानं म्हणावं तसं म्हणाला, "पाठ लागली."

गलका झाला. गल्लीतली पोरं काळे चष्मे काढून त्याच्या अंगावर धावून आली. सिनेमात हाय हे, सिनेमातली धरत न्हाईत. माणूस वाचवला, त्याला पडणं म्हणत्यात का? ठेकेदारसुद्धा आमच्या बाजूनं बोलायला लागला. मला वाटलं त्या म्हाताऱ्याच्या हातातली काठी हिसकून घ्यावी. एवढ्या लांबून गाडी करून आला तो यासाठीच.

आबा उठून बसले. हात वर करून पोरांना गप्प केलं.

"लागली," ते म्हणाले. "बरोबर हाय त्याचं. मातीला काय कळतंय सिनेमा."

म्हाताऱ्यानं काठी काखेत धरली, दोन्ही हात जोडले आणि आबांपुढं वाकला. मला तेव्हा त्याचाही राग धरवेना.

घर जवळच होतं, पण आबा त्या दिवशी सावकाश चालले. सदरा खांद्यावर टाकलेला, मी मागून. दोन खांद्यांच्या मधे मातीचा भला मोठा डाग होता आणि त्यात कापसाची पिसं चिकटलेली. लोक दारांतून बघत होते. मला तो डाग सोसवेना.

"आबा, थांबा, पुसते."

"राहू दे."

"माय बघंल."

"बघू दे की. ती बघणारच हाय."

अंगणात आल्यावर ते नेहमीसारखे दगडाशी वाकले. माय दारात उभी होती. तिनं पाठ बघितली. चहा टाकायला आत गेली नाही. मला वाटलं आता रडेल, नाही तर मला बोलेल, की तुला कशाला पाठवलं होतं. माझे शब्द तयार होते, हिरो, गुडघा, दगड, सगळं एका दमात सांगायला.

"माय, ऐक, ते कसं झालं—"

"तू जरा गप बस बाई," ती म्हणाली.

आबा छाती धुवत होते, दंड धुवत होते. मग पाठीमागं हात नेला. वरून नेला, खालून नेला. तिथं पोचेना. एवढ्या वर्षांत त्यांना तिथं कधी धुवावंच लागलं नव्हतं.

माय पायरी उतरली. बादलीतून तांब्या भरून घेतला, आणि दुसऱ्या हातानं त्यांची मान हळूच खाली दाबली.

"वाका," ती म्हणाली. "माझा पोचतोय."